मृणालच्या बाटल्या, माझी बादली

मी मूळची मिरजेकडची. आमच्या घरी देठ-साल वाया जात नसे, सगळं म्हशीला, आणि म्हैस एवढी थोरली की तिच्या सावलीत पंगत बसायची, काय सांगू तुम्हाला. तर ह्यांच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी जपानात, निशी-कसाईला आले. आयटीवाल्यांची तेव्हा नुसती रीघ. इथे देठं-साली जाळायच्या कचऱ्यात, तोही ठरल्या वारीच टाकायचा, आणि म्हैस नाही! मग बाल्कनीत बादली ठेवली, देठांवर तांदळाचा कोंडा पसरला, खत केलं. बघता बघता आपल्या बायका शिकायला यायला लागल्या, दर शनिवारी माझ्याकडे वर्ग, आणि मास्तरणीला म्हणावं तसं मला बाई म्हणायच्या. सासरी मला कुणी नावानंही हाक मारत नव्हतं, इथे मी बाई!

तेवढ्यात कोथरूडची मृणाल आली. साडी नेसून सायकल चालवायची, हो, साडी नेसून! संत्र्याच्या सालींत गूळ-पाणी घालून, आंबवून, फरशी पुसायचं पाणी करायला शिकवायची. बायका मला म्हणतात, बाई, तिच्याकडे वास नाही येत हो. त्या दिवशी माझ्या पोटात जे आंबलं, ते तिच्या कुठल्या बाटलीत आंबलं नसेल.

संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं. वाण काय, त्याच बाटल्या. ते पाणी आंबत असतं तोवर रोज झाकण सैल करून हवा सोडावी लागते. हिनं वाण म्हणून झाकणं गच्च आवळून, रिबिनी बांधून, हीटरजवळ मांडलेल्या. मला दिसलं, पण मला विचारलं कुणी? मी तिळगूळ खात बसले.

एक फुटली, मग दुसरी, मग सगळी रांग. आवाजानं तोझाई लाइनची लोकल गाडी म्हणे जागच्या जागी थांबली! माझ्या मनात दिवाळी, शनिवारी सगळ्या परत माझ्याकडे. पण बायकांनी पदर खोचून पुसायला घेतलं, आणि ओट्यामागचा तेलाचा थर फडक्यासरशी निघाला की हो! अय्या, बघ गं, मलाही दे, मलाही. मृणाल रडता रडता हसायला लागली.

शनिवारी वर्गाच्या वेळेला माझी बेल वाजलीच नाही. संध्याकाळी वाजली, तर पातेलं घेऊन मृणाल. बाई, साली गाळून चोथा उरतो, टाकवत नाही, तुमच्या बादलीत चालेल का? बाई म्हणाली मेली! नाही कसं म्हणणार?

अजून तसंच आहे. वर्ग तिच्याकडे, चोथा माझ्याकडे. त्या खतावर माझी मेथी अशी माजते की शेजारच्या आजींचं मांजर त्यात हरवतं. कुणी विचारलं तर म्हणते, हाताचा गुण! चोथ्याचं नाव काढत नाही. देव मृणालला शंभर वर्षं आयुष्य देवो, आणि अधूनमधून एखादी बाटली फुटू देवो.