वहिनींसाठी ठेवलेली जागा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संपादकसाहेब व मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे चित्रकार, पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, आणि परवापासून ज्यांना शेवटचं पान उघडून चुकल्यासारखं होणार आहे असे तुम्ही सगळे वाचकहो,

मी आपल्या वर्तमानपत्राची पानं लावणारा माणूस. आता पानं संगणकावर लागतात, तरी शेवटच्या पानावरच्या चित्रमालिकेच्या या तीन चौकटी मी हातानेच कापतो. म्हणून वहिनी मला ‘कात्रीवाले भाऊजी’ म्हणायच्या. शिक्षण बेताचंच. चित्रातलं जे काही कळलं, ते या चौकटी हाताळून.

तीन चौकटी! तळहाताएवढी जागा. त्यात एक म्हातारा, एक म्हातारी, एक किटली. एवढ्यात संसार मांडायचा ही काय थट्टा आहे? पण बघा, पहिल्या चौकटीत किटलीचं झाकण नीट बसलेलं, दुसरीत जरासं उचललेलं. म्हातारी अजून बोललीही नाही, तरी तिचा पारा चढलाय हे आपल्याला कळतं. आणि दोन चौकटींमधली ती पांढरी पट्टी? तिथे काहीच काढलेलं नसतं. तेवढ्यात म्हातारा उठून, चपला शोधून, भांडण विसरून परत आलेला असतो! न काढता दाखवायचं, याला मी कला म्हणतो. अध्यक्ष महोदय जाणकार आहेत, चुकलो तर कान धरतील.

म्हातारीच्या डोक्यावरच्या फुग्यातलं बोलणं मात्र चित्रकारांचं नव्हतं. ते वहिनींचं; मनातलंही त्यांचं, हातचं अक्षरही त्यांचंच. म्हातारी रागावली की अक्षरं टरारून फुगायची, रुसली की कोपऱ्यात अंग चोरून बसायची. एकदा दोघांची माझ्या टेबलापाशीच जुंपली.

“एवढ्याशा फुग्यात मी मावते का? बायकोला बोलायला जागा ठेवत जा जरा!”

“मग तू थोडक्यात आटप की.”

“आटपते! माझ्या बोलण्यावाचून तिसरी चौकट कशी संपवतोस तेच बघते. काय हो, कात्रीवाले भाऊजी?”

भाऊजी कात्रीला धार लावायला निघून गेले. नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार?

मग वहिनींना तो झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. चित्रकार रोज चित्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवायचे, डाव्या हातात पेन द्यायचे आणि विचारायचे, “काय म्हणतेस?” वहिनी फुग्यात एक वेडीवाकडी रेघ ओढायच्या. कार्यालयात कुणी म्हणालं, त्यावर संगणकाची अक्षरं टाकू. चित्रकार एवढंच म्हणाले, “ती बोललीये. छापा.”

संपादकसाहेबांनी छापली, त्यांचे उपकार आहेत. तुम्हाला वाटलं, म्हातारी हल्ली पुटपुटते. तुम्ही हसलात. बरं केलंत! चित्रकार तुमचं हसणं घरी जाऊन वहिनींना सांगायचे.

पुढे रेघ आखूड होत गेली. मग नुसता ठिपका. आता त्या बोटांत पेन राहत नाही. निमंत्रणपत्रिकेत निवृत्तीचं कारण ‘वयोमान’ छापलंय. तसं काही नाही हो. वहिनींवाचून त्यांना म्हातारीला बोलतं करता येत नाही, एवढंच.

आज सकाळी त्यांनी शेवटच्या तीन चौकटी माझ्या हातात दिल्या. पहिलीत म्हातारा किटली ठेवतो. दुसरीत विचारतो, “काय म्हणतेस?” तिसरीत म्हातारी, आणि तिच्या डोक्यावर भलामोठा फुगा, चौकट व्यापून उरलेला. कोरा.

मी म्हटलं, “अहो, हे?”

“तिची जागा आहे ती, भाऊ. राहू दे.”

दुपारपासून कार्यालयात चाललंय, की त्या फुग्यात ‘वाचकहो, धन्यवाद’ असं टाकावं. संपादकसाहेब, भर सभेत हात जोडतो, तिथे एक अक्षरही टाकू नका. आणि वहिनी, उद्याचं पान मी स्वतः लावणार आहे. तुमच्या फुग्याला कात्री लागू देणार नाही.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. घरातलं चारचौघांत बोललो, चित्रकारांनी पदरात घ्यावं. आणि बोलता बोलता मी मध्येच थांबलो असेन, शब्दाची जागा कोरी राहिली असेल, तर तीही कृपा करून तशीच राहू द्या.