दोन बाटल्यांचं एक तेल

अण्णा, प्राचार्य सर, आणि मालतीअक्कांसाठी हातातली कामं टाकून इथं आलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला जमेल असं वाटत नाही. हातात हा कागद आहे. त्यावर चार चांगली वाक्यं लिहून आणली होती. ती मी वाचणार नाही.

अक्का गेल्या त्याला आज सहा दिवस झाले. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. आधी विद्यार्थी, मग याच कॉलेजात तात्पुरता लेक्चरर. मघाशी प्राचार्य सर म्हणाले, अक्कांचं शेवटचं संशोधन छापायला मान्य झालं, त्यांच्या कष्टांचं चीज झालं. तुम्ही माना हलवल्यात. अण्णांनी, अक्कांच्या यजमानांनी, डोळे पुसले. तेव्हापासून मला खुर्चीत बसवेना.

सांगतो. ज्यांना आमच्या कामातलं काही ठाऊक नाही, त्यांनाही कळेल असं सांगतो.

घाण्यात करडई पिळली की पेंडीत थोडं तेल उरतं. कारखाने ते हेक्झेननं काढतात. हेक्झेन येतं पेट्रोलियममधून. अक्कांचं म्हणणं एकच. रानात पिकलेल्या तेलाला जमिनीखालचं रसायन कशाला? झाडाचंच काहीतरी वापरा की! म्हणून आम्ही सुभाष रोडवरच्या ज्यूसवाल्याकडून पोत्यानं संत्र्याच्या साली आणायचो. सालींचा अर्क काढायचा, त्यात पेंड भिजवायची, तेल उतरलं की तापवून अर्क उडवून टाकायचा.

तेल उतरायचं. छान उतरायचं. अर्क मात्र चिवट, जाता जायचा नाही.

अक्कांचा एक नियम होता. तयार झालेलं तेल आमच्यापैकी कुणी हुंगायचं नाही. का? दिवसभर सालींत राहून आमची नाकं मेलेली. आम्हाला संत्र्याचा वासच येत नसे. म्हणून झाडलोट करणाऱ्या यल्लव्वांना बोलवायचं. त्या डोळे मिटून हुंगायच्या, आम्ही श्वास धरून उभे. "अक्कार, कित्तळि वासनी बरतैतल्ल!" झालं! संत्र्याचा वास अजून येतोय. पुन्हा तापवा.

जास्त तापवलं की यल्लव्वा पास करायच्या. पण तेल खवट होऊ न देणारी जी द्रव्यं असतात, अँटिऑक्सिडंट, ती तापून नासायची. कमी तापवलं तर ती टिकायची, पण वासही टिकायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मला घाई होती. पीएचडी अडलेली. नोकरी आज आहे, उद्या नाही. अळणावरकडं गावात माझे वडील, अप्पा, रोज फोन करून विचारायचे, कधी होणार, कधी होणार. मग मी काय केलं? जास्त तापवलेल्या बाटलीवरून 'वास नाही' असं लिहिलं. अँटिऑक्सिडंटचे आकडे घातले कमी तापवलेल्या बाटलीचे. आणि हे सगळं एकाच तेलाचं, असं पेपरात लिहून टाकलं.

अक्कांनी एका वाचनात पकडलं. केलगेरीच्या त्यांच्या घरी चहा पुढं करत म्हणाल्या, "हे तेल कुठल्या बाटलीत आहे रे? मला दाखव. यल्लव्वाला दाखव."

मी चिडलो. म्हणालो, "अक्का, एका झाडूवालीच्या नाकापायी माझं आयुष्य अडवणार का तुम्ही?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "जमलं नाही, असं लिही. का जमलं नाही ते नीट लिही. तेही कुणाच्या तरी कामाला येतं. माझं नाव त्याच्यावर घाल."

पुढच्याच आठवड्यात त्या दवाखान्यात. आणि मी तो पेपर होता तसाच छापायला पाठवला. त्यांचं नाव घालून! त्यांच्या नावाशिवाय तो कुणी वाचला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

भेटायला गेलो तर म्हणाल्या, "त्या पेपरचं काय केलंस?"

म्हटलं, "बदलतोय, अक्का."

"बदल. सावकाश बदल," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

सावकाश! विश्वास होता हो त्यांचा माझ्यावर. तो मला झोपू देत नाही, बसू देत नाही, घास गिळू देत नाही.

अण्णा, हे तुम्हाला एकट्याला सांगायचं होतं. रोज निघायचो, तुमच्या घराजवळच्या तळ्यापर्यंत यायचो, परत फिरायचो. पण आज भरल्या सभेत अक्कांचं कौतुक झालं ते माझ्या खोट्यावर. तेही ऐकून मी गप्प बसलो, तर मी माणूस कसला?

सर, तुमचं ते वाक्य आजच्या इतिवृत्तातून काढा. तुम्ही बोलत होता तेव्हाच मी मोबाईलवरून मासिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं, पेपर मागे घेतोय म्हणून. कारणही लिहिलं, दोन बाटल्यांसकट. माझ्या नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा.

यल्लव्वा, तुम्ही दाराशी का उभ्या? मुंद बर्री, पुढं या. अण्णांच्या शेजारची खुर्ची मला दिली होती. ती तुमची आहे. त्या दिवशी मी तुमच्याबद्दल जे बोललो, ते तुमच्या कानावर गेलं नसेल. आता गेलं. क्षमा करा.

मंडळी, आता अक्कांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहूया. मी इथं, व्यासपीठावर नाही उभा राहत. खाली येतो, मागच्या रांगेत.

अक्का, चुकलो. नमस्कार करतो.