धुडाला बांधलेला रुमाल

— आता त्या होडीला हात लावून काय करणार, लेफ्टनंट? बस. चहा घे. घे रे, विष नाही त्यात. विष तुम्ही वरून टाकता, आम्ही कपातून देत नाही. काय म्हणालास — गुप्त आहे? अरे लेका, मेझेन नदीकाठच्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे तुम्ही काय उडवता ते! आकाशातला डोळा. पार अमेरिकेत क्षेपणास्त्र सुटलं, की त्याचा जाळ याला दिसतो आणि मॉस्कोत घंटा वाजते — बरोबर ना? शाळेत गेले नाही मी, पण मासे गुंडाळायच्या आधी वर्तमानपत्र वाचते. मॉस्कोला घंटा. आणि डोळा वर चढवून रॉकेटचं रिकामं धूड आमच्या दलदलीत कोसळतं, त्याची घंटा आम्हाला कोण देतो?

लिही तू, लिही. माझा येफीम, वय चौतीस, वीस दिवसांत पिवळा पडून गेला. त्या धुडाच्या पत्र्याची होडी करत होता. इथे सगळेच करतात — धूड पडलं की जो आधी पोचेल त्याने आपला रुमाल बांधायचा, मग दुसरा कुणी त्याला शिवत नाही. पत्रा हलका, गंजत नाही. आतलं उरलंसुरलं रॉकेल ओतून टाकलं, की झालं. इतकी वर्षं हेच चाललंय, कुणाला शिंक आली नाही. या खेपेला मात्र —

हो, ऐकलं. पोस्टातल्या उस्तिन्याला धरून नेलीय तुम्ही जिल्ह्याला. फोनवर निरोप आला आणि तिने गावाला सांगितला नाही म्हणून. मग? गुन्हा तिचा, सही माझी, असंच ना? दे कागद. आळशीच आहे ती, जन्मभर भांडली माझ्याशी, तिच्यासाठी मी का रडू? पोरगा गेलाय माझा! “इंधन वेगळं आहे, आठ दिवस जवळ जाऊ नका, कुजक्या माशासारखा वास आला तर पळा” — एवढं सांगायला काय जीभ झडत होती —

काय बघतोस? पेन का थांबलं? निरोपातले शब्द मला कुठून कळले, म्हणून?

गावात बोलतात ना... कोण बोलणार, निरोप पोचलाच नाही तर! हुशार आहेस.

उस्तिन्या त्या दुपारी गवत कापायला गेली होती. पोस्टातली जमीन मी पुसते. फोन वाजला, मी घेतला. पलीकडे तुझ्यासारखाच कुणीतरी, घाईत — समजलं ना आजी? म्हटलं, समजलं. आणि हसले. माशाचा वास! अरे, मासे खारवणारं गाव हे, आमच्या उशांना माशाचा वास, तान्ह्या बाळाच्या टाळूला माशाचा वास — त्यातून वेगळा काय हुंगायचा? आणि सांगितलं असतं तर गावच्या अध्यक्षाने सगळ्यांनाच अडवलं असतं. येफीमची जुनी होडी बर्फाने फोडलेली. आठ दिवस थांबलो तर दुसऱ्या गावचा कुणी येऊन रुमाल बांधील — म्हणून डोक्यावरचा रुमाल सोडून मीच दिला त्याला. पळ म्हटलं.

सुनेला, मार्फाला, यातलं काही ठाऊक नाही. रोज उस्तिन्याच्या नावाने बोटं मोडते, आणि मी शेजारी बसून ऐकते. ऐकते, हो!

फाड तो कागद. दुसरा घे. लिही — निरोप पोचला होता. अग्राफेना सिदोरोव्ना, वय बहात्तर, हिच्याकडे पोचला होता. खाडाखोड नको. आण, सही करते.

थांब, निघालास कुठे? मार्फाच येतेय ती, गोठ्यातून. ये गं, बस. दुधाची बादली ठेव खाली. हा साहेब काहीतरी वाचून दाखवणार आहे तुला.

वाच रे. माझ्याच्याने नाही व्हायचं ते. तू वाच.