रिकामं भांडं देऊ नये

...आणि वर म्हणत्यात काय, तर एकच तर भांडं हाय. अवो, एकच कसं? माझ्या मोरीत या, मोजा, मंग बोला. तुम्हाला सांगतो, माणसानं काय बी करावं, पण बायकोच्या देखत ‘स्वयंपाकात एवढं काय हाय’ असं म्हणू नये. मी म्हणलो. चांगला दारात उभं राहून, मोठ्यानं म्हणलो.

झालं असं, की सिल्लोडला माझ्या सासूबाईंच्या, लक्ष्मीबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. म्हातारी एकटी राहती आणि आमची आशा तिची एकुलती एक. आठ दिवस, दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायचे. आता आशाचं माहेरपण कसं, तर आज गेली की तिसऱ्या दिवशी माघारी. का? माझा फोन. ‘ये बाई, इथं उपास घडायलेत.’ बारा वर्षं हेच चाललंय. या खेपेला ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणली, “खरं सांगा, जाऊ का नको? मधीच बोलवलं तर आईच्या डोळ्यात थेंब कोण टाकील?” आणि मी, हा असा छाती काढून म्हणलो, “जा तू बिनघोर. एका भांड्यात खिचडी, दोन तांब्यांत भांडी. तूच उगं दहा भांडी काढती.”

तिनं स्वयंपाकघरातल्या निळ्या पिंपाकडं नुसतं बोट केलं. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, तवर स्वयंपाकाला आणि भांड्याला तेवढंच पिंप पुरवायचं. “हे संपलं की समजा तुम्हाला नाय जमलं. फोन करा, मी येते.” मी म्हणलं, फोन कशाला लागतोय? एकच तर भांडं.

पहिल्या दिवशी शेंद्र्याहून, कंपनीतून आलो आणि कुकर लावला. एकच भांडं. पण तांदूळ मोजायला वाटी लागतीच की, आणि डाळ धुवायला पातेलं, कांदा चिरायला ताट, शेंगदाणे भाजायला तवा, फोडणीला पळी, मंग झाकण, झाकणाचं रबर, शिट्टी... शिट्टी भांड्यात धरायची का नाय, तुम्हीच सांगा. जेवून उठलो तर मोरीत अकरा नग. आणि खिचडी खाली अशी धरलेली, की घासतोय, पाणी ओततोय, पुन्हा घासतोय... चार बादल्या गेल्या. पिंपात वाकून पाहिलं तर पाणी चांगलं वीतभर खाली गेलेलं.

आमचे दादा मात्र मजेत. दादा म्हणजे माझे वडील, कारभारी, पंच्याहत्तरी ओलांडलेले, दुष्काळ पाहिलेला माणूस. जेवण झालं की ताटातच पाणी घेणार, बोटानं फिरवणार आणि पिऊन टाकणार. पाहुणे बसलेले असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी वाटलं, या माणसाचे पाय धरावेत, कारण ताट इतकं लख्ख, की धुवायचं फक्त नावाला.

दुसऱ्या दिवशी मीबी शहाणा झालो. आशा येसराचा डबा भरून ठेवती, भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ हो. पातेल्यात फोडणी टाकली, त्यातच पाणी, त्यातच येसर कालवून सोडलं, दोन उकळ्या, झाली आमटी. भाताचं भांडं गरम होतं तवाच त्यात पाणी घालून ठेवलं, सगळं आपोआप सुटलं. तेलकट पातेलं आधी रद्दीच्या कागदानं पुसलं. दीड तांब्यात भांडी झाली, खोटं सांगत नाय. मी दादांना म्हणलं, बगा, एकच तर भांडं. दादा म्हणले, “आमटी ब्येस झालीय.” जन्मात पहिल्यांदा कौतुक. मी सुखात होतो.

आणि तेवढ्यात दार वाजलं. खाली राहत्यात सगीरा भाभी. त्यांचा नवरा फारूख माझ्याच कंपनीत, त्यानंच घरी सांगितलं असणार. हातात डबा, डब्यात खिचडी आणि वर वाटीत खट्टा. “भाभी गाँव कू गए ना भाई? खा लेव. एकीच तो बर्तन है.” आता खिचडीबरोबर चिंचेचा, तिळाचा तो खट्टा... नाय म्हणणारा माणूस अजून या शहरात जन्मायचाय. खाल्ला. पण डबा तर परत द्यायचा? आणि आमच्या घरची रीत मला एवढी एकच पाठ, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये. मंग काय, डबा घासला, पुन्हा पातेलं चढवलं, आमटी केली, डबा गळ्यापर्यंत भरून दिला.

झाली ना पंचाईत. मी एवढी आमटी दिली म्हणल्यावर भाभींना भीड पडली. दुसऱ्या दिवशी खिमा. तोवर समोरच्या आवडामावशींना वास लागला. “रामकिसन, धपाटे केलेत बाबा, संगं दही. दोनच तर भांडी.” त्या दोन भांड्यांत आमटी. त्यांची वाटी लहान पडली म्हणून वरची आमटी मी माझ्या पातेल्यात दिली, तर ते पातेलं खीर घेऊन आलं. खिरीचं पातेलं घासलंय का कधी तुम्ही? मी घासलंय. माणसं लई चांगली हो, त्यांना नावं कशी ठेवू? पण माया येऊ राहिली ती अशी भांड्यांतून, आणि प्रत्येक भांड्यामागं एक बादली. कंपनीत आठ तास, घरी आठ तास, आमटी आणि घासणी, घासणी आणि आमटी. येसराचा डबा निम्मा झाला. आणि सगळे तेच म्हणणार, एकच तर भांडं.

पाचव्या दिवशी तांब्या पिंपात घातला आणि खण्णदिशी बुडाला लागला, पाणी उरलं जेमतेम वीतभर. मोरीत दोन्ही शेजारणींची भांडी, नळाला अजून तीन दिवस. खरं सांगतो, मला रडू आलं. सकाळीच आशाचा फोन आला होता, सासूबाईंना भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलंय म्हणून. किती खुशीत होती ती. आता हिला कोणत्या तोंडानं म्हणू, ये माघारी, भांडी पडलीत? तरी फोन काढला. नंबर लावणार, तर दादा म्हणले, “कुणाला लावायलास?”

“आशाला. पाणी संपलं.”

“का संपलं?”

“शेजाऱ्यांची भांडी भरून देऊन देऊन संपलं. रिकामं देऊ नये ना.”

दादा म्हणले, “भरून? येड्या, चिमूटभर साखर टाकत्यात त्यात. तुझी माय जन्मभर तेच करायची. रिकामं देऊ नये म्हणजे घरदार ओतून द्यावं का?”

बायकांनी रोज करायचं, आपण रोज खायचं, पण भांड्यात काय घालून देत्यात हे चाळीस वर्षांत एकदा वाकून पाहिलं नाय. म्हणलं, “दादा, मंग चार दिवस बोलला का नाय?”

“मला वाटलं तुला हौस हाय,” दादा म्हणले. “आणि खट्टा लई चांगला व्हता.”

फोन खिशात ठेवला. भांडी कागदानं पुसली, उरलेल्या पाण्यात विसळली, चिमूट चिमूट साखर टाकली आणि घरोघर देऊन आलो. पुढचे तीन दिवस बापलेक एका ताटात भात-आमटी जेवलो आणि ताट धुवायचं काम दादांकडं दिलं. आठव्या दिवशी नळ यायच्या आधी आशा आली. माझ्याकडं पाहिलं नाय, आधी पिंपात पाहिलं. चार बोटं पाणी होतं. मंग माझ्याकडं बघून हसली. अशी हसलेली मी तिला लई दिवसांनी पाहिली. म्हणली, “जमलं की तुम्हाला. मला लई घोर होता. डॉक्टर म्हणलेत, पुढच्या महिन्यात आईचा दुसरा डोळा करू.”

दुसरा डोळा! मी इतके दिवस एकाच डोळ्याचा हिशेब धरून बसलेलो. आता नाय कसं म्हणणार? म्हणलं, जा. आणि तसाच चौकातल्या दुकानात जाऊन दोन किलो साखर घेऊन आलो.