बांगड्या फोडायची घाई

माझं माहेर पेणचं, रामवाडीतलं, सासर इकडं रोह्याच्या बाजूला. आमचे हे डोलवीच्या कंपनीत कंत्राटात कामाला, शिफ्ट करून येणार नि माझं डोकं खाणार. कंपनीत एकदा शिकवलं ह्यांना, माणूस पडला तर नाडी कशी बघायची. आले ते चपलांसकट स्वयंपाकघरात, थांब गो, हलू नको, नि माझ्या गळ्याला घाटीच्या बाजूला दोन बोटं. अंगठा लावायचा नाय म्हणे, अंगठ्याला आपलीच नाडी लागते. मला गुदगुल्या, मी बोलले, सोडा, भाकर करपली.

काय सांगू ताई तुम्हाला, तेवढ्यावरच वाचले हे. परसात पाण्याची मोटर लावायला गेले, पाय ओले, शॉक बसला नि आडवे. चुलत सासऱ्यांनी मेन स्विच पाडला, ते चांगलं केलं, खोटं का बोलू, पण मग ह्यांचं मनगट धरलं, पाण्यात गारठलेला हात, धरला न धरला नि सोडला. गेला, म्हणाले. झालं! मनगटाला नाडी लागली नाय म्हणून माणूस गेला? शी! आणि माझी जाऊ, तिनं दगड आणलासुद्धा. रडायच्या आधी दगड! माझा डावा हात उंबऱ्यावर दाबला नि फोडल्या बांगड्या. मी हिसडा दिला, धावले, ह्यांच्या गळ्याला बोटं लावली. आधी काय कळंना. मग लागली. बारीक, पण लागली. ओरडले, जिवंत हायत, रिक्षा आणा मेल्यांनो!

आठवड्यानं हे दवाखान्यातून चालत घरी आले. नि परवा जावेच्या पोरीची हळद, तर जाऊ आडवी आली. तू नको गो लावू, तुझ्या बांगड्या एकदा फुटल्यात. अगं, फोडल्या कुणी? आणि माझा नवरा तिथंच मांडवात भात वाढतोय! किळस आली मला, हळदीचं ताट तिथंच ठेवलं नि घरी आले. चुलत सासरे तर अजून सांगतात, तो गेलेलाच, देवानं परत पाठवला. आपली चूक देवाच्या माथी!

आता मी कुणाच्या हळदीला जाणार नाय. हे शिफ्टला निघताना मान पुढं करतात, बघ गो, चालू हाय का? मी बघते. तुमचा चुडा अखंड राहो ताई, पण दारात कुणी पडलं ना, तर आधी बोटं लावा. दगड कुठं पळून जात नाय.