एका दाव्याला दोघं

न्हाई, बिरोबाची आण, अक्षर न् अक्षर खरं हाय — म्हंजे शेळ्यांचं तेवढं पक्कं, माणसांचं थोडं हिकडं-तिकडं. बसा ओ सायेब, त्या पालथ्या पाटीवर बसा. ती शेळी काय करत न्हाई, नुसती बघती. तुमच्या हापिसात बी बघतच असंल की कोणतरी — व्हय ना?

तर हितं नांदे गावात, त्या मागच्या कंपनीतनं आरोही मॅडम दर शुक्रवारी माणसं आणायच्या. टेन्शन उतरवायला. माणशी पाचशे. शेळ्या आमच्या राजाआत्याच्या, मी धनाजी, कामाला. माणसं करडं मांडीवर घ्यायची, रडायची, फोटू काढायची, जायची. एका शुक्रवारी आले कौस्तुभ सर आन अपूर्वा मॅडम. टेबलाला टेबल लागून, पण दोन महिने बोलणं बंद — खिडकी लावायची असली तरी मेल टाकायचे. त्यानं केल्यालं काम तिनं पुसायचं, तिनं केल्यालं त्यानं. आरोही मॅडम म्हनल्या, धनाजी, ह्यांच्यापायी बाकीच्या दहा जणांचं काम ठप्प झालंय, डबा सुद्धा चोरून खात्यात. मी म्हनलं, ह्यात काय अवघड हाय? आमच्याकडं दोन शेळ्या टकरा द्याय लागल्या की दूध आटतं — त्या दोघींचंच न्हाई, सगळ्या कळपाचं. मग आमी काय करतो? एकाच दाव्याला दोघी बांधतो, पाला लांब टाकतो. एकीनं हिकडं ओढलं, एकीनं तिकडं, की दोघी उपाशी. दोन दिसांत संगं चालाय लागत्यात.

बांधलं की. कमरंला. बळजबरी न्हाई ओ — मी म्हनलं, ही नवीन ॲक्टिव्हिटी हाय. ॲक्टिव्हिटी म्हनलं की ती माणसं काय बी करत्यात. डबे ठिवले पार तिकडं लिंबाखाली. तासभर ओढाओढी, मग हळूहळू पाय जुळले. चार वाजता एकाच डब्यात जेवत हुते. सोमवारपास्नं कामाला नुसता पळ सुटला म्हनं — दोन महिन्याचं काम नऊ दिसांत. आन दोघांनी मिळून लिवल्याला पहिला मेल कुणाच्या नावानं? माज्या. अमानुष वागणूक. कंपनीचा शुक्रवार बंद. आता तुमच्यावानी एकटं-दुकटं येतंय, तेवढंच.

दाव्याचं असंच हाय — बांधल्याली जोडी एक होती ती बांधणाऱ्याच्या अंगावर यायला. एवढं कळल्यावर मी गप बसायला पायजे हुतं. पण — न्हाई, ते जाऊ द्या. बरं, सांगतो. आत्याचं आन शेजारच्या जयाकाकूचं बांधावरनं तीन वरीस वाकडं. माले गावात एका लग्नात दोघी पाठीला पाठ लावून बसल्या हुत्या, मी पदराला पदर बांधला. नुसतं बघावं म्हनलं. अक्षता टाकायला दोघी उठल्या — आन तशाच बसल्या. अख्ख्या मांडवानं बघितलं. आता रोज संगं चहा पित्यात आन मला शिव्या घालत्यात — म्हंजे जयाकाकू घालती. आत्या बोलतच न्हाई. एकवीस दिस. भाकरी ठिवती, ती बी शेळीला सांगती, जा, त्याला म्हणावं गिळ. मग माजं तरी कामात ध्यान कसं ऱ्हाईल? परवा पाला टाकायचाच इसारलो. काल धार काढताना दुधाची कासांडी सांडली. दूध निम्म्यावर आलंय. रात्री ती शेळीला म्हनली, रविवारी तुमाला समद्यांना बाजार दावते, आन त्याला म्हणावं बघ कुटंतरी गार्डाची नोकरी.

माफी? गेलो की मागाय. दोन डाव गेलो. दोन्ही डाव तिचं तोंड बघून हसू फुटलं.

असू द्या, झाला तुमचा तास. पाचशे द्या. मला न्हाई — आत जावा, आत्याच्या हातात द्या. आन पन्नास कमी द्या. अवो, कमीच द्या. ती भांडाय उठंल. तुमी म्हना, धनाजीशी साडेचारशेच ठरलं हुतं. मग तिला मला हाक मारून इचारावंच लागंल, तितं शेळी घालून भागायचं न्हाई. मी म्हनंन, न्हाई आत्या, खोटं बोलतोय ह्यो. मग आमी दोघं मिळून तुमच्यावर. थोडं सोसा. बुटं आत्ताच घालून ठिवा. जावा.