थोरल्या साडूंचं स्वस्त तिकीट

आदरणीय अध्यक्ष महोदया, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि नात्यानं माझे थोरले साडू, त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या मेव्हणीबाई, प्रयोगशाळेतले माझे सर्व सहकारी, आणि तिसऱ्या रांगेतून आत्ताच "आटोपतं घ्या" अशी खूण करणारी माझी पत्नी!

निरोपाच्या सभेत माणसानं गोड बोलावं असा संकेत आहे. मी प्रयत्न करतो. आम्ही दोघं इथे शहराचं पिण्याचं पाणी तपासतो. ते प्रमुख, मी दुय्यम. इतकी वर्षं एकाच खिडकीखाली बसून आम्ही पाणी पाहिलं. फरक एवढाच, की ते बाटलीतलं पाणी पाहत होते आणि मी त्यांना पाण्यात पाहत होतो.

हसताय काय? तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? घरी जावं तर "भाऊजींनी असं केलं, भाऊजींनी तसं केलं." इथे यावं तर यांच्या टेबलाशी ही गर्दी! कशासाठी? पाण्यासाठी नव्हे. विमानाच्या तिकिटांसाठी. आपल्या पहारेकऱ्यापासून थेट अध्यक्ष महोदयांपर्यंत (माफ करा बाईसाहेब, पण तुमच्या चिरंजीवांचं तिकीटही तिथेच निघालं) सगळे रांगेत. माझ्या टेबलाशी लोक यायचे ते स्टेपलर मागायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेच विमान, तीच खुर्ची, तोच कोमट चहा. पण विमान कंपनीच्या वेबसाइटवर देश बदलायचा आणि पैसे तिथल्या चलनात भरायचे. कधीकधी तिकीट चांगलं स्वस्त पडतं. बँक चलन बदलायचा आकार लावते, तो धरूनही परवडतंय का हे आधी बघायचं. एवढंच. यात विद्वत्ता कसली, असं मी कित्येकदा म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या दोघांच्या बायकांचा एकुलता एक भाऊ परदेशात असतो. त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. थोरल्यांनी मेव्हणीबाईंचं तिकीट असंच कुठल्यातरी चलनात काढलं आणि त्या पुढे गेल्या. माझी बायको म्हणाली, "माझंही भाऊजींनाच काढू द्या ना." झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "मला काय हात नाहीत? मी काढतो." आणि काढलं. मेव्हण्याच्याच देशाच्या चलनात. यांच्यापेक्षाही स्वस्त! दोन दिवस मी या इमारतीत छाती काढून फिरलो, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे.

पुढचंही तुम्हाला ठाऊक आहे, कारण सौभाग्यवतींनी ते सगळीकडे सांगितलं आहे. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं तिकीट पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "तुमचं तिथलं रहिवासी कार्ड?" ती सवलत फक्त त्या देशाच्या रहिवाशांसाठी होती. तसं खाली लिहिलेलंही होतं. बारीक अक्षरात. त्यांच्या भाषेत.

बायको माझ्याकडे वळली. "अहो, आपण तिथले रहिवासी कधी झालो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ऑपरेशन थिएटरमध्ये जाणार होता. ती बॅगेवर बसली आणि रडायला लागली. मग मी काय केलं असेल? जे या सभागृहातल्या प्रत्येकानं केलं असतं तेच. यांना फोन लावला. पलीकडे काचेच्या बाटल्यांचा आवाज येत होता. "थांबा तिथेच," एवढंच म्हणाले. थोड्याच वेळात पुढच्या विमानाचं तिकीट बायकोच्या फोनवर आलं, आणि मागोमाग यांचा फोन तिलाच: "नशीब चांगलं आहे, एका चलनात अगदी स्वस्त मिळालं. जा निर्धास्त." ती गेली. भावाला आत नेण्याआधी त्याचा हात तिच्या हातात होता. मेव्हणा आज ठणठणीत आहे. आणि तिथे पोचल्याचा पहिला फोन तिनं कुणाला केला असेल? मला नाही!

तेव्हापासून घरात एकच पालुपद. "तुम्हाला आठवडाभर बसून जमलं नाही, भाऊजींनी उभ्या उभ्या काढलं."

गेल्या आठवड्यात कपाटाच्या किल्ल्या माझ्या हवाली करताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, जाताजाता विद्या तरी देऊन जा. "त्या दिवशी कुठल्या चलनात काढलंत?"

"आपल्याच," ते म्हणाले.

"मग स्वस्त कसं पडलं?"

"स्वस्त कुठलं? आयत्या वेळी कोण स्वस्त देतो? सगळ्यात महाग तिकीट होतं ते."

"मग तिला तसं का सांगितलंत?"

बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "खरी किंमत कळली असती तर ती विमानात चढली असती का?"

नसती चढली. मी तिचा नवरा आहे, मला माहीत आहे. थोरले, तुम्ही माझ्याकडे असे डोळे वटारू नका. तुम्ही नोकरीतून सुटलात, मी अजून घरी जाणार आहे. तेव्हा यांनी सांगितलेली स्वस्त किंमत मी चुकती केली होती; परवा उरलेले पैसे द्यायला गेलो तर हे म्हणतात, "किंमत एकदा सांगितली, आता बदलत नाही."

सभ्य स्त्री-पुरुषहो, त्या दिवशी इतकं महाग तिकीट मीही काढलं असतं. उसने घेऊन काढलं असतं. पण मी किंमत सांगितली असती. तिथेच, काउंटरसमोर. आणि ती बॅग उचलून माझ्याबरोबर घरी आली असती. मला यांचा हेवा वाटतो तो याचा.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचा, आणि खुर्च्या मांडणाऱ्या सहकाऱ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं क्षमा करावी. थोरल्यांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. मागितली तर ते लगेच करतील, आणि तेही मला सोसणार नाही.